रांजणाला दिलेला घास

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार
सकाळच्या बसने नंजनगूडहून म्हैसूरला आलो. एक पेटी, एक वळकटी. लक्ष्मीपुरमचे घर सापडायला वेळ लागला नाही. फाटकावर लहानशी पाटी आहे, 'जपानी हस्तकला संग्रह'. मालकीणबाई विद्याश्री, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांचे यजमान हरिहर वीस वर्षे जपानात होते, तिथून त्यांनी हे सामान आणले. आता ते नाहीत. अक्कांना दार उघडायला आणि झाडपूस बघायला माणूस हवा होता. मागची खोली मला राहायला दिली आहे. खिडकीत ऊन येते. दुपारी बिसीबेळे भात मिळाला. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

बायको भानुमती गेल्यावर नंजनगूडच्या घरात एकट्याने बसवत नव्हते. बोलायची मला सवय नाही, म्हणून लिहितो. बोलणे जमत नाही तेव्हा वही उघडतो, हे फार जुने आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तीन खोल्या आहेत. पहिलीत लाकडी बाहुल्या, नुसते डोके आणि धड, हातपाय नसलेल्या. दुसरीत लाखेच्या वाट्या, बांबूच्या टोपल्या. तिसरीत कागद आणि छत्र्या. मागे छोटे अंगण आहे, त्याला दार आणि कडी. अंगणात जमिनीत पुरलेला रांजण आहे, त्यात नीळ. हरिहरांनी तिकडच्या रीतीने लावली, अकरा वर्षे झाली, अजून चालू आहे. ही नीळ जिवंत असते म्हणे. रोज ढवळायची, आठवड्यातून दोनदा गव्हाचा कोंडा आणि चिमूटभर चुना घालायचा. ढवळल्यावर मध्ये जांभळा फेस जमतो, तो आला की तब्येत बरी. रोज सकाळी सुती कापडाची वीतभर पट्टी चिमट्याने बुडवायची, हवेत हिरव्याची निळी झाली की तारीख घालून दोरीवर टांगायची.

अक्का म्हणाल्या, "राघवेंद्रराव, ते उपाशी ठेवायचं नाही. सुम्ने, नुसतं बसून राहिलात तर मरेल ते. गोत्तायता?"
कळले म्हटले. त्या हसल्या. नवऱ्यापेक्षा त्याची सेवा जास्त केली म्हणाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार
आज अकरा माणसे आली. एका बाईने बाहुल्यांना हात का नाहीत विचारले. मी तिला छत्र्यांच्या खोलीत नेले.

निळीचा वास भानुच्या माहेरचा आहे. तिचे आजोबा रंगारी होते. तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी रंगाच्या पिंपाच्या झाकणात सापडून.

शेवटचे दोन दिवस तो हात तिने पलंगाबाहेर काढून ठेवला होता. स्मृतीसाठी. आमची एकुलती मुलगी, बंगळूरला असते. दोघींचे वर्षभर बोलणे नव्हते. कळवले तेव्हा निघाली, पण पोचली तोवर सगळे संपले होते. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही. नातेवाइकांनी नाना शब्द दिले. स्मृतीही पुढे होऊन काही पुटपुटली. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकले. तेव्हापासून स्मृती मला एकच गोष्ट विचारते, आई रागावून गेली का.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तिथीने आज महिना झाला. भात केला, वर दही, भानुचे नाव घेऊन अंगणाच्या भिंतीवर ठेवला. बारापासून तीनपर्यंत थांबलो. समोरच्या झाडावर कावळे होते. एकही आला नाही.

तो भात कचऱ्यात टाकवेना. गाय शोधायला गेलो, तीही मिळाली नाही. मग वाटले, रंगाऱ्याची लेक, नीळ तिच्या घरची, आणि ही नीळ खाते. घास रांजणात सोडला. बरे वाटले. अक्कांना सांगितले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
पट्टीवर एका कडेला चार पांढरे ठिपके. तिथे रंग चढलाच नाही. अक्का म्हणाल्या, बोटांनी धरली असेल. मी चिमट्यानेच धरतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज पूर्ण बोटे. कपडा घट्ट धरल्यावर जिथे रंग जात नाही तशी पांढरी. करंगळी वाकडी.
मी ओट्यावर बसून रडलो. मग बाही वर करून रांजणात हात घातला. नीळ कोमट होती. खाली एक हात लागला. त्याने माझी बोटे एकेक चाचपली, कासार बांगड्या भरताना चाचपतो तशी. मग सोडून दिली.
हात बाहेर काढला तर त्यावर रंगाचा थेंब नाही.
तिला मी नको आहे. कोण हवे आहे ते मला माहीत आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
स्मृतीला फोन करून सांगितले. वेड लागले म्हणेल असे वाटले होते. ती म्हणाली, रविवारी येते. एकदा आईचा हात धरायचा आहे, एवढेच.
दोघींचे सुटेल. मलाही सुटल्यासारखे वाटते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
पट्टीवर तीन हात. तिन्ही उजवे. तिन्हींच्या करंगळ्या वाकड्या.
भानुला एकच उजवा हात होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी पट्टी बुडवली नाही. तरी दोरीवर एक ओली पट्टी होती. हात मोजता आले नाहीत, एकावर एक आहेत.

अक्कांना सगळे सांगितले. त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "त्याला कोंडा तेवढा ठाऊक होता. तुम्ही माणसाच्या नावाचा घास दिलात. तुमची बायको नाही ती, राघवेंद्रराव. तिच्यासारखं व्हायला शिकतंय ते."

दोघांनी मिळून रांजण उपसला. चाळीस बादल्या गटारात ओतल्या. पातळी होती तेवढीच.

२२ फेब्रुवारी, शनिवार
लाकडी झाकण ठेवले. वर पाटा. अंगणाच्या दाराला कुलूप.
स्मृतीला सहा वेळा फोन केला. येऊ नको म्हटले, ती आई नाही म्हटले. ती म्हणाली, अप्पा, तुम्हालाही मी आईजवळ नकोच आहे ना. फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही.
अक्का दुपारीच बन्नूरला भावाकडे गेल्या. मलाही चला म्हणाल्या. स्मृती इथे येणार, मी कसा जाऊ —
पाटा सरकल्याचा आवाज. भर उन्हात.

२३ फेब्रुवारी, रविवार
साडेदहा. स्मृती आली. फाटकावर उभा राहिलो, आत येऊ नको म्हणालो. ती बाजूने आत गेली. वाळली आहे खूप. कुलूप बघितले, किल्ली मागितली. दिली नाही. ती अंगणाच्या दारापाशी खाली बसली आहे. मी समोर टेबलाशी, लिहितो आहे. निघ म्हटले, बसपर्यंत सोडतो म्हटले. ऐकत नाही.

पावणेअकरा. रडते आहे. दाराशी तोंड नेऊन काहीतरी सांगते आहे. हळू. माफी मागत असावी. मी उठून दंड धरून ओढले, हलली नाही. एवढी वाळली आहे, तरी हलली नाही. फोन करायला टेबलाशी आलो. अक्का उचलत नाहीत. शेजारी कोणी —

तिला म्हटले, आई इथे नाही. इथे कोणीच नाही, स्मृती. खरे सांगतो.
ती रडायची थांबली. म्हणाली, "मग अप्पा, माझा हात कोणी धरलाय?"

दाराखाली चार बोटांची फट आहे. तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत —
निळे पाणी इकडे —
ती हसते आहे. म्हणते किती जणी आहेत आणि सगळ्या —
कोपरापर्यंत —
किल्ली. कुलूप उघडतो, पलीकडून सोडवतो, दुसरा उपाय नाही, मी