खाटेचा दांडा

मी, वय शेहेचाळीस, व्यवसाय मुद्रितशोधन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शरीराबद्दल तसा दाखला कोणी देणार नाही.

कलम १. राहते घर ताईला. आजारपणात ती मला तिच्या घरी न्यायला आली होती, मी गेले नाही. ताई, शेजारी तुझ्यापेक्षा जवळचे होते असे नाही. तुझ्यासमोर मला धड रडता आले नसते, एवढेच.

कलम २. शब्दकोश भाचीला, समासातल्या माझ्या शेरेबाजीसह.

कलम ३. उपचारांमुळे मला तळणाचा वास सोसेना. मी कोणाला बोलले नव्हते, तरी जिन्यात तो वास येणे थांबले. मी गेल्यावर सर्वांनी पोटभर तळून खावे. दुखवटा म्हणून आणखी थांबू नये.

कलम ४. दांडा फिरवून डोक्याकडची बाजू उचलता येते ती माझी खाट खालच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिकेला, म्हणजे आमच्या बाईंना. खाटेचा सुटा होणारा दांडा वरच्या मजल्यावरील शिंपीकाकांना. एकावाचून दुसरे निरुपयोगी आहे, हे मला ठाऊक आहे.

शिलाई मशीनच्या आवाजावरून या दोघांचे बोलणे तुटले, ते मी इथे येण्याच्याही आधी. माझ्या आजारपणात मात्र दोघे रोज आले. काका दांडा फिरवत, बाई पाठीमागे उशी सारत.

"त्यांना सांग, हळू फिरवा."

"बाईंना सांग, आधी हात काढा."

मी सांगत असे. मी नसताना कोण सांगणार, ही माझी खरी काळजी. या इमारतीत पुढे कोणी अंथरुणाला खिळले, तर दोघांनीही यायला हवे. पण जाणत्या माणसांना असे बांधण्याचा मला काय अधिकार? उत्तर सापडेना, म्हणून काल दोघांना बसवून हे कलम वाचून दाखवले.

"हा तुझा चावटपणा आहे गं," बाई म्हणाल्या.

काका म्हणाले, "बाईंना सांग, दोन्ही तुम्हीच ठेवा."

या वेळी मी निरोप पोचवला नाही. मग बाई काकांकडे वळल्या.

"माझ्या मनगटात जोर नाही, दिसतं ना तुम्हाला रोज? ठेवा तो तुमच्याकडे. आणि तेल देत जा त्याला."

"देतो, बाई."

कलम ४ कायम.

ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळ
दिनांक: २१ ऑगस्ट
सही

ज्यांना काही मिळते त्यांना साक्षीदार करू नये असे वकील म्हणाले, म्हणून आमच्यासमक्ष सही झाली:
१. औषध दुकानदार (सही)
२. समोरच्या घरातील वायरमन (सही)