नायकाच्या घराशेजारची जागा

पुसेगाव तांडा, ता. ४ ऑगस्ट १९४१

ती. दादांचे सेवेशी,

हरिचंदचे शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. तुमचा दमा कसा आहे ते कळवावे, पण वहिनींना विचारून कळवावे. स्वतःच्या तब्येतीबद्दल तुम्ही कधी खरे लिहीत नाही.

आनंदाची बातमी अशी की, माझा धर्मसिंग परीक्षा पास झाला. पुसेगावच्या शाळेत मास्तरची जागा रिकामी आहे आणि ती त्याला देण्यास शाळाखात्याचे साहेब राजी आहेत. बैलाची शेपटी सोडून दुसरे काही हातात धरणारा आपल्या घराण्यातला हा पहिलाच. पण निजाम सरकारची नोकरी मुलकी माणसाला, म्हणजे याच मुलखाच्या रहिवाशाला मिळते, आणि आपण पडलो इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडचे. धर्मसिंगला कडेवर घेऊन मी इकडे आलो त्याला पंधराहून अधिक वर्षे झाली. म्हणून मला मुलकी होण्याचा अर्ज करता येतो, आणि बापाचे झाले की लेकाचे होते.

अर्ज लिहिणाऱ्या कादर मुनशींनी मूळ गाव विचारले. मी म्हणालो, आमच्या बापाला गाव नव्हतं, बैल व्हते. ते हसले आणि त्यांनी तुमच्या तांड्याचे नाव लिहिले. मग शेवटचे कलम वाचून दाखवले. पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार कायमचा सोडला आहे, असे मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगायचे. तुम्हाला विचारल्याशिवाय हे माझ्या तोंडून निघणार नाही. दसऱ्याच्या आत काम झाले नाही तर नोकरी दुसऱ्याला जाईल, तरी लवकर लिहावे. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुमचा हरिचंद


वाशीमजवळील तांडा, ता. १६ ऑगस्ट १९४१

चि. हरिचंद यास,

हिरासिंगचे अ. उ. आ. वि. वि.

धर्मसिंग पास झाल्याचे कळताच तांडाभर गूळ वाटला. दमा आहे तसाच आहे. हे वाक्य तुझ्या वहिनीने शेजारी बसून लिहवून घेतले.

पुढचे वाचून मात्र मी ताटावरून उठलो. सासऱ्याचे शेत गोड लागले म्हणून तू गेलास, तेव्हा तांड्याचा नायक असूनही मी अडवले नाही. माझ्या घराशेजारची तुझी जागा तेवढी राखून ठेवली. आपल्या तांड्याची रीत तुला ठाऊक आहे. गेलेल्याची जागा राखली म्हणजे तो परत येणार, आणि नायकाने पंचांपुढे ती दुसऱ्याला दिली म्हणजे तो तांड्यातून सुटला. दर दिवाळीला तुझी वहिनी ती रिकामी जागा सारवते आणि तिथे दिवा ठेवते. कोणी विचारले तर म्हणते, हरिचंद येईन आज ना उद्या.

मग शपथेवर काय सांगशील? तुझी जागा इथे असताना विचार सोडला म्हणालास तर ती शपथ खोटी. खोट्या शपथेची भाकर आपल्यात कोणी खात नाही. मला राग आला आहे, तो लपवत नाही. तरी लोभ ठेव.

हिरासिंग


पुसेगाव तांडा, ता. २५ ऑगस्ट १९४१

ती. दादांचे सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. मी अर्ज मागे घेतो. धर्मसिंग म्हणाला, आमी शेती करू, बा, पण मोठ्या बाला दुखवू नका. पोरगे एवढे समजूतदार निघाले याचेच जास्त वाईट वाटते. त्याची आई माझ्याशी बोलत नाही, पण ताट वाढते. तुम्ही राग सोडावा, एवढीच विनंती.

तुमचा हरिचंद


वाशीमजवळील तांडा, ता. ८ सप्टेंबर १९४१

चि. हरिचंद यास,

अ. उ. आ. वि. वि.

अर्ज मागे घेतलास तर गाठ माझ्याशी आहे. काल पंच बसवले आणि तुझी जागा रूपाबाईला दिली. नवरा गेल्यापासून ती लेकरांना घेऊन गळक्या छपराखाली राहत होती. तुझी वहिनी आधी रडली, मग स्वतःच कूड लिंपायला गेली. परवा तिनेच मला विचारले होते की, पोरगं मास्तर होऊन राहिलं अन् आपण रिकामी जागा काहून धरून बसलो? तू परत येणार नाहीस हे मला केव्हाच कळले होते, पण माझ्याने सोडवत नव्हते.

पंचांच्या अंगठ्यांचा कागद सोबत आहे. जा आणि शपथ घे, आता ती खरी आहे. राग उरलेला नाही. आम्हाला विसरू नकोस.

हिरासिंग


पुसेगाव तांडा, ता. २२ सप्टेंबर १९४१

ती. दादांचे सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

काम झाले. मी मुलकी झालो, आणि धर्मसिंग सोमवारपासून मास्तर. त्याची आई पुन्हा बोलू लागली आहे, जरा जास्तच.

हिंगोलीस मॅजिस्ट्रेटसमोर शपथ घेतली. साहेबांनी विचारले, तिकडे शेत आहे का? न्हाई म्हणालो. घर? न्हाई. जागा? व्हती, ती भावानं दुसऱ्याला दिली, असे सांगून पंचांचा कागद पुढे केला. तो वाचून त्यांनी विचारले, मग आता तिकडे तुझे काय राहिले? शपथेवर उभा होतो, खोटे कसे बोलणार? म्हणालो, साहेब, भाऊ राहिला.

कादर मुनशींनी कपाळाला हात लावला. मलाही वाटले, तुम्ही एवढे केलेत आणि मी एका शब्दात घालवले. साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. मग म्हणाले की, सरकार गाव सोडायला सांगते, भाऊ सोडायला नाही, आणि त्यांनी सही केली.

दादा, मी तिथेच रडलो. दिवाळीला आम्ही सगळे येतो. तिथे आता आमची जागा नाही, तेव्हा तुमच्याच घरात अंथरूण टाकू. वहिनींना सांगून ठेवावे, आणि लोभाला उणे पडू देऊ नये, ही विनंती.

तुमचा हरिचंद