डेकवरच्या पाच चिरा

१४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. बाबा ठीक आहेत, मीही. तूही ठीक असशील असं धरून लिहिते. पत्ता आत्याकडून घेतला. ती म्हणाली, पाच वर्षांनी सुचलं होय.

बातमी एवढीच, की आपली शिडाची होडी रंगवायला काढली आहे. त्यासाठी मी महिन्याची रजा घेतली. जुना रंग घासून काढायला नऊ दिवस गेले. बाबांची नजर अधू झाली आहे, बोटं मात्र शाबूत. मी घासते, ते मागून अंगठा फिरवतात आणि मला नापास करतात.

रंगाखाली चिरा निघाल्या. बाजूच्या बहुतेक होडीच्या वयामुळे पडलेल्या आहेत: केसाएवढ्या, एकमेकींना समांतर. फायबर वर्षानुवर्षं वाकलं की पडतात तशा. चीर भरायची तर आधी ती खरवडून रुंद करावी लागते, तळाशी धड भाग लागेपर्यंत. मगच इपॉक्सीचा गोंद आत उतरतो. नुसती वरून पुट्टी फासली, तर चीर रंगातून पुन्हा वर येते. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलीला हे माहीत नव्हतं.

पुढच्या टोकाशी, डेकच्या मधोमध पाच चिरा आहेत. तुला आठवत असतील. पाचही एकाच बिंदूतून निघतात, सर्वांत लांब अकरा सेंटिमीटर. हो, मोजली. फूटपट्टी म्हणायचास ना मला.

त्यांच्यावरूनच बाबा तुला म्हणाले होते, की होडी धक्क्यावर आपटलीस आणि वर नाकबूल करतोस. होडी दुरुस्त होते, खोटं बोलणारा माणूस होत नाही. तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. मी जिन्यात उभी होते. "तू तरी सांग ह्यांना," म्हणालास. मी म्हटलं, मला अभ्यास आहे.

दादा, धक्क्याची भिंत बाजूला लागते. डेकच्या मधोमध कशी लागेल? अशा चांदणीसारख्या चिरा वरून काही जड पडलं तरच पडतात. इथे पडलं त्याचं वजन बारा किलो होतं. तू होडी बाहेर नेलीस, त्याच्या आदल्या दिवशी नांगर माझ्या हातून निसटला होता. तू गेल्यावर पुट्टी मीच भरली, रंग मीच दिला. पोरीच्या हाताला काय सफाई आहे, असं बाबा चार जणांना सांगत फिरले.

परवा त्यांचा अंगठा त्या जागेवर थांबला. मी घासायचं मशीन बंद केलं आणि सांगून टाकलं. ते बराच वेळ तिथेच चाचपत राहिले.

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "तो गेला त्याच महिन्यात. नांगराच्या टोकाला डेकचा रंग लागला होता."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"एक पोर घालवून बसलो होतो. दुसरं कुठे घालवू?"

तुला पत्र लिहायला ते दोनदा बसले होते म्हणे. मायना लिहून झाला की पुढे हात चालेना. एवढं सांगून त्यांनी मास्क नाकावर ओढला आणि म्हणाले, घास, थांबलीस का.

ती जागा मी पूर्ण उघडली. ओल आत गेलेली नव्हती. भरून, घासून सपाट केली. आता बाबांच्या अंगठ्यालाही सापडत नाही, म्हणून त्यांनी भोवती पेन्सिलने गोल करून घेतला आहे. तुला दाखवायची आहे म्हणतात.

रंग बाकी आहे. त्याला दोन माणसं लागतात. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने थर ओला आहे तोवर मागोमाग ब्रश ओढून बुडबुडे मोडायचे. ब्रश तुझ्याकडे असायचा. बाबांना आता बुडबुडे दिसत नाहीत. रंगारी बघू का विचारलं, तर नको म्हणाले.

माफी कशी लिहितात ते मला येत नाही. तीन कागद फाडले. रजा तीस तारखेपर्यंत आहे, डबे उघडलेले नाहीत. तुझा ब्रश बाबांनी दरवर्षी धुऊन ठेवला आहे. केस अजून मऊ आहेत, मी तपासलं.

वाट बघते असं लिहिणार नव्हते. पण बघते.

तुझी,
फूटपट्टी