सुतळीच्या दोन गाठी

हरिओम,

पहिल्या यष्टीनं जालन्याला गाडी पाहायला चाललो. धार काढून ठेवली हाय. काल जेवताना मी ओरडलो की पुन्हा पिकअपच घ्यायची, मोसंबीचे कॅरेट काय डोक्यावर न्यायचे का? तू ताटावरून उठून गेला. ते मनात धरू नको.

सोबत सुतळी नेली हाय, तिला दोन गाठी मारल्यात. पहिली कॅरेटांच्या मापाची. दुसरीसाठी तुझ्या आईला ओसरीत आडवं व्हायला लावलं. ती अन् शालू, सासू-सुना एकाच उंचीच्या हायेत. बंद गाडीची मागची सीटं पाडल्यावर दुसरी गाठ बराबर बसली पायजे, अन् पुढं धुई-धुक्याचे पिवळे दिवे पायजेत. पहिली न्हाई बसली तर मोसंबी भाड्याच्या टेम्पोत जाईल.

शालूचे दिवस पुसाच्या म्हैन्यातच भरून राह्यले. मागल्या खेपेला तिला दवाखान्यात नेलं तवाही पूसच होता. धुईत उसाच्या ट्रॉल्या दिसत नव्हत्या. तू मागं पिकअपच्या उघड्या हौद्यात तिच्यावर ताडपत्री धरून बसल्ता अन् माझ्या पाठीमागची काच ठोकीत होता. मला वाटलं, जल्दी चला म्हणतो. मी गाडी पळवली. बाळ वाटेतच झालं अन् तू थांबा म्हणत होता, हे मला दवाखान्यात कळलं. तवर बाळ गेल्तं.

शालूला सुतळीचं सांगू नको.

बंद गाडीत मधी काच नसती. या खेपेला तू थांबा म्हणला तर मला ऐकू येईल.

— बाबा