घ चा ठोकळा

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. हात मात्र लगेच आठवतात. बोटांच्या पेरांत सागवानाचा भुसा आणि नखांत खडू. जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी मी तुमच्या हाताखाली शिक्षक म्हणून आलो. ज्या शाळेत तुम्ही मला शिकवलं तीच शाळा. पहिल्याच रविवारी तुम्ही मला घरी बोलावलंत आणि पॉलिश पेपर हातात दिलात. काकू चुलीवर भात रांधत होत्या आणि त्यांच्या बाजूला बसून आपण सुताराकडून आणलेले लाकडाचे तुकडे घासत होतो. एकेका तुकड्यावर एकेक अक्षर कोरायचं, मग त्याला जवसाचं तेल चोळायचं. तेल काकूंच्याच बरणीतलं. "फोडणीपुरतं उरू द्या जी, का आता अक्षरंच रांधू?" काकू म्हणाल्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रांध. पोरं खातेत." त्या स्वयंपाकघरातल्या धुराचा वास त्या ठोकळ्यांना पुढं कितीतरी दिवस येत होता.

तुमचा शब्दपट साधाच होता. चौकटी आखलेला फळा जमिनीवर आडवा ठेवायचा आणि दोन मुलं समोरासमोर बसवायची. ठोकळ्यावर नुसतं अक्षर, काना-मात्रा मुलानं खडूनं द्यायची आणि डाव संपला की ओल्या फडक्यानं पुसायची. सोप्या अक्षराला गुण कमी, अवघडाला जास्त, घ ला सगळ्यांत जास्त. शेवटी ज्याच्या हातात ठोकळा उरला त्याचे तेवढे गुण कापायचे. मार्चमध्ये आसपासच्या शाळांतली चौथीपर्यंतची मुलं जमायची आणि तुम्ही पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचात, एखाद्या शेतकऱ्यानं बांधावरून फिरावं तसे. तुम्ही गेलात, मग माझी बदली देवरीकडच्या जंगलातल्या शाळेत झाली. पट मी सोबत नेला आणि स्पर्धा तिथं सुरू केली.

मी दुसरीत होतो तेव्हाचं एक तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. धड्यात वाघ हा शब्द आला की मी 'मोठं जनावर' असं वाचायचो. आमच्या घरात तसंच म्हणत. ज्या घरातलं माणूस जंगलात गेलेलं असतं त्या घरात वाघाचं नाव घेत नाहीत, घेतलं तर तो त्या माणसाच्या वाटेवर येतो. गावाच्या शिवेवर त्याचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथं हात जोडतानाही नुसतं 'देवा' म्हणतात. तुम्ही मला उभं केलंत. "काऊन रे, पुस्तकातला तुले खाऊन राहिला का?" सगळा वर्ग हसला. मग तुम्ही मला तो शब्द घसा बसेपर्यंत म्हणायला लावलात. नाव घेतलं की भीती मरते, असं तुमचं म्हणणं. मी ते मानलं. पुढं शिक्षक झाल्यावर मीही मुलांना तेच सांगत आलो, तुमच्याच आवाजात.

देवरीकडच्या त्या शाळेत चौथीत एक मुलगी होती. आदल्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तिच्या बापाला वाघानं नेलं होतं. त्याला धोतरात गुंडाळून आणलं, जेवढा मिळाला तेवढा. मी तिथं उभा होतो, तीही उभी होती. त्यानंतर ती वर्गात कमी बोलायची, पण पटावर बसली की तिच्यासमोर कोणी टिकत नसे. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी देवरीला वसतिगृहात राहावं लागणार होतं आणि घरात शब्द चालायचा तो काकाचा. मी त्याच्याकडे गेलो. तो खाटेवर बसून दोरी वळत होता. म्हणाला, "मास्तर, तुम्ही त सगळ्यायच्याच पोरायले हुशार म्हनता. चार लोकायत जिंकून दाखवू द्या तिले. जिंकली त धाडतो, हरली त घरी." मी हो म्हणालो. तिलाही ते सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "काका खरंच धाडन का जी?"

स्पर्धेच्या दिवशी काका तिला सायकलवर बसवून घेऊन आला आणि मागच्या भिंतीला टेकून बसला. ती एकेक डाव जिंकत शेवटपर्यंत आली. शेवटच्या डावाला समोर बाजाराच्या गावचा एका व्यापाऱ्याचा मुलगा होता, घरी हिंदी बोलणारा, मोठा चटपटीत. पंच दुसऱ्या शाळेचे होते. मी चटया आणि पाण्याचं बघत होतो, पण माझं लक्ष पटावरून हलत नाही. मुलाचे ठोकळे संपले आहेत. तिच्या हातात एकच उरला आहे, घ. आणि तो बसेल अशी पटावर एकच जागा आहे: 'वाट' मधला वा उघडा, त्याच्या खालचं घर मोकळं. घ तिथं ठेवला की डाव तिचा, पाचवी तिची. भोवतीच्या मुलांना ते दिसलं आणि गलका झाला. "वाघ होते नं! ठेव नं वो! झोपली का?" पंचांनी दटावलं आणि वेळ संपत आल्याचं सांगितलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी जवळ जाऊन उकिडवा बसलो.

"दिसते ना बाई?"

"दिसते जी."

"मग?"

"माय मोहा येचाले गेली हाये."

मी म्हणालो, "अगं, हे सगळे तर तो शब्द म्हणूनच राहिले."

"म्हनू द्या. त्यायची माय घरी हाये."

तुमचं वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, गुरुजी. पुस्तकातला, पटावरचा, लाकडाचा. पण ज्या पोरीनं ते धोतर उघडलेलं पाहिलं तिला मी ते म्हणू शकलो नाही. तिनं ठोकळा पटाच्या बाहेर, जमिनीवर ठेवला, नीट, अक्षर खाली करून. मग बोटांचा खडू फ्रॉकला पुसला. पंचांनी निकाल सांगितला. व्यापाऱ्याचा मुलगा हरल्यासारखा बसून होता. "सर, इसने रखा क्यों नहीं?" तो मला विचारत राहिला. मी त्याला पाणी दिलं.

काकाला गाठायला मी सायकलीपर्यंत धावलो. त्याला समजलं नसेल असं मला वाटलं होतं. त्याला सगळं समजलं होतं. "बरोबर केलन पोरीनं," तो म्हणाला. "वयनी तिकडं जंगलात, अन् हे इथं त्याचं नाव मांडन? ठेवलं असतं त मीच थापड देल्ली असती." मला हायसं वाटलं. मी म्हणालो, मग धाडा तिला. त्यानं सायकल वळवली. "बरोबर केलन, पन हरली त हरली, मास्तर. बोलनं ते बोलनं. घरी लहान पोरगा हाये, त्याले कोन पायते?" ती मागं कॅरिअरवर बसली. माझ्याकडे पाहून तिनं हात जोडले, स्पर्धा संपल्यावर जोडायचे असतात तसे.

त्या दिवशी तिची माय उन्हं चढल्यावर टोपलीभर मोहाची फुलं घेऊन सुखरूप आली. मी संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेलो तेव्हा मोहा वाळत पडला होता आणि पोरगी त्यात बसून हसत होती. बाप गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. जूनमध्ये ती देवरीला गेली नाही. मी काकाकडे गेलो, पुन्हा गेलो, शेवटी तो मला पाहिलं की घरात जायचा. पुढच्या मार्चमध्ये ती मायच्या मागं टोपली घेऊन जंगलात जायला लागली. शाळेच्या दारावरूनच वाट होती. कधी ती थांबून आत पाहायची आणि माय पुढून हाक मारायची.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, अंधश्रद्धेनं एका पोरीची शाळा गेली. तसं म्हणणं चूक नाही. पण मी रोज सकाळी देवापुढं दिवा लावतो, आणि घरातल्या माणसासाठी काहीतरी सोडून देणं म्हणजे काय ते मला तिच्याइतकं कधी जमलेलं नाही. या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींशेजारी बसून आहेत आणि एकीनं दुसरीला अजून उठवलेलं नाही. घ पटातून काढून टाकावा असं एकदा वाटलं. पण मग मुलांना घर लिहिता येणार नाही. स्पर्धा अजून काही वर्षं चालली. पुढं शाळेत मुलंच उरली नाहीत.

हे तुम्हाला कळवायचं म्हणून मी कितीदा कागद घेऊन बसलो आणि त्या शब्दापाशी येऊन उठलो. माझा मुलगा वनरक्षक आहे, गुरुजी. नवेगावच्या जंगलात पायी गस्त घालतो. आज तो सुटीवर आला आहे, जेवून आत झोपला आहे, त्याचं घोरणं मला इथं ऐकू येतं. म्हणून आज लिहिता आलं. उद्या सकाळी तो बूट घालायच्या आधी हे कागद मी चुलीत घालणार आहे.