शंभर अचूक वाक्प्रचार

नाशिक, दि. १२ मे २००४

चि. पल्लवीस,
धनराजकाकाचे अनेक आशीर्वाद.

सात महिने पत्र नाही, क्षमा कर. सबळ कारण असतं तर आधी तेच लिहिलं असतं. केवळ आळस.

कळवणच्या आपल्या रविवारच्या वर्गातल्या माझ्या वहीची पुस्तिका होते आहे. पालकांचाच आग्रह. नाव ‘शंभर अचूक इंग्रजी वाक्प्रचार’. सोमवारी, २४ तारखेला छपाई आहे. मुद्रितं सोबत पाठवतोय. तू पुण्यात दिवसभर फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलतेस, तर एकदा नजर टाक. शुद्धलेखनापुरती. अर्थ मी बारा वर्षं शिकवतोय, तो भाग पक्का आहे.

देवळाली कॅम्पमधली लष्करी कुटुंबं बदलीवर गेली की त्यांची मासिकं रद्दीत यायची, आठवतं? त्यातली वाक्यं उतरवून, मागच्यापुढच्यावरून अर्थ काढून मी शाईने लिहायचो. पेन्सिल मला कच्चेपणाची वाटे.

तुझ्या वर्गातला संतोष भेटला. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसवर आहे. एका इंग्रज पाहुण्याला त्याने वाक्प्रचार क्रमांक चौदा ऐकवला, की आमच्याकडे सगळे एकमेकांचे पाय ओढतात. पाहुणा म्हणे खूश झाला, आमच्याकडेही असंच चालतं म्हणाला. मला त्या देशाचं वाईट वाटलं.

वेळेवर जेव, आणि उशिराबद्दल काकावर राग धरू नकोस.

तुझा,
धनराजकाका


पुणे, दि. १८ मे २००४

ती. काकांस,
पल्लवीचा सा. न. वि. वि.

मुद्रितं मिळाली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. अर्थ मात्र अकरा चुकलेत. मुद्दाम पत्रात लिहितेय, फोनवर तुमचा आवाज ऐकून मी सहाच सांगितले असते.

क्रमांक चौदा, ‘पुल समवन्स लेग’, म्हणजे थट्टा करणं. दुसऱ्याला खाली खेचणारं पाय ओढणं आपलं, त्यांचं नाही. म्हणून तो पाहुणा खूश झाला. ‘फॉर गुड’ म्हणजे भल्यासाठी नाही, कायमचं. ‘अंडर द वेदर’ म्हणजे पावसात भिजलेला नाही, आजारी. ‘वन्स इन अ ब्लू मून’ दर पौर्णिमेला घडत नाही, क्वचितच घडतं. उरलेले सात मागच्या पानावर आहेत.

आणि काका, मला हे अकरावीपासून माहीत आहे. परीक्षेत खरा अर्थ लिहायचे, तुमच्यासमोर तुमचा. संमेलनात तुमच्याकडून एका पाहुण्यांचं नाव चुकलं, तर तुम्ही भाषण करणंच सोडलंत. तसा वर्गही सोडाल, अशी भीती होती. नवसाबाईच्या दोघी पोरी डोंगर उतरून येतात त्या तुमच्या वर्गासाठी. ती भीती अजून आहे. चुका सुधारा, वर्ग बंद करू नका.

रागावलात तरी चालेल, पण शाईने लिहून कळवा.

तुमची,
पल्लवी


नाशिक, दि. २३ मे २००४

चि. पल्लवीस,
आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. गुरुवारी ठरवलं, वर्ग बंद. आज वर्गाची किल्ली परत करायला कळवणला गेलो, तर स्टँडवर नवसाबाई भेटली. तिला स्पष्ट सांगितलं की बारा वर्षं मी तुमच्या मुलांना अकरा गोष्टी चुकीच्या शिकवल्या.

तिने विचारलं, बाकीच्या? एकोणनव्वद बरोबर, म्हटलं. त्यावर म्हणाली की लावलेल्या भाताच्या शंभर रोपांत दहा-अकरा मरतातच, म्हणून कुणी आवणी सोडतं का? मास्तर लय इचार करतात, असंही म्हणाली. मग जूनमध्ये वर्ग कुठल्या तारखेला, हे विचारून बसमध्ये चढली. मी सहा तारीख सांगून बसलो होतो.

तिचं म्हणणं मला पटलं की सोयीचं वाटलं, हे अजून ठरत नाही. किल्ली खिशातच आहे.

तू मला इतकी वर्षं फसवलंस, असं पहिल्यांदा वाटलं. आता वाटतं, नुसते पाय ओढत होतीस. क्रमांक चौदा, नवा अर्थ. संतोषला पोस्टकार्ड टाकलं आहे. अकराही दुरुस्त्या मुद्रितांवर केल्या. वहीत त्या पेन्सिलने लिहिल्या. सहा तारखेला मुलांसमोर वाचून दाखवीन, आधीचे चुकीचे अर्थ कुणाचे होते हेही सांगून.

माया आहे तशी असू दे, आणि यापुढे चूक दिसली की त्याच आठवड्यात कळवत जा.

तुझा,
धनराजकाका

ता. क. उद्याचं काम: छपाई सुरू व्हायच्या आत छापखान्यात जाऊन मुखपृष्ठावरचा ‘अचूक’ काढायला सांगणे.