मुदतपूर्व निवडणूक आणि ताईचं लग्न

२ फेब्रुवारी, सोमवार. जेवणाची सुट्टी.
आजपासून रोज लिहायचं. एवढं डोकं चालतं आणि कुठे नोंद नाही, हे बरं नाही.
निवडणूक मुदतीआधी लागणार. लोक म्हणतात अजून वर्ष आहे. म्हणोत. मी तीन वर्षं बॅनरच्या कारखान्यात रिंगा ठोकतोय. चार कोपऱ्यांना भोकं, भोकात रिंग, बॅनर टांगायला तयार. सगळे पक्ष माझ्या हाताखालून जातात. आज नगरसेवकाचा फोटो आला. हात जोडलेला. बोट वर केलेला फोटो असला की माणूस निवांत आहे. हात जोडले की मत हवंय. सहावीत शाळा सोडली म्हणून काय झालं, एवढं कळतं.
कुणाला बोललो नाही. फक्त मशीनवाला, चहावाला आणि खोलीतले दोघे.

३ फेब्रुवारी
फोटो नगरसेवकाच्या सासऱ्याच्या श्रद्धांजलीचा निघाला. मशीनवाला दिवसभर माझ्याकडे बघून हात जोडत होता. पण सासरे जाऊन तीन महिने झाले. मग श्रद्धांजली आत्ताच का? हे त्याला विचारलं. त्याने मशीन चालू केलं.

५ फेब्रुवारी
घरी फोन. ताईचं लग्न ८ मार्चला. माझी रजा ४ पासून मंजूर आहे, पण निवडणूक लागली की रजा-बिजा सगळं बंद. गेल्या वेळी मालकांनी मशीनवाल्याला बायकोच्या बाळंतपणालाही सोडलं नव्हतं. पोरगी चालायला लागल्यावर त्याने पाहिली. आणि घर म्हणजे गाडीने दोन दिवस.
आईला म्हटलं, लग्न निवडणुकीनंतर ठेवा. आई म्हणाली, तुला सरकारने सांगितलंय का, की तू सरकारला सांगितलंयस? मग ताईने फोन घेतला. नक्की का रे, एवढंच विचारलं. म्हटलं, लिहून देतो. तू नसशील तर मी मांडवात उभी राहणार नाही, म्हणाली.
तारीख पुढे जाणार. एक काम झालं.

६ फेब्रुवारी
काही लिहिण्यासारखं नाही. रोज लिहायचं ठरवलं होतं की एक दिवसाआड, ते बघायला हवं.

१० फेब्रुवारी
खुणा वाढतायत. आमच्या गल्लीतला खड्डा बुजवला. पाच वर्षं त्याच्यात पाणी होतं, बदकं सोडता आली असती. चहावाला म्हणतो, खड्डा त्याच्या भावाने बुजवला, टेम्पो अडकायचा म्हणून. भावाला आत्ताच सुचावं?
मशीनवाल्याला समजावलं, पोरीला भेटायचं तर आत्ताच जा, नंतर मालक सोडणार नाहीत. तो म्हणाला, मशीन कोण चालवणार? म्हटलं, मी आहे ना. दोन दिवसांत शिकव.

१३ फेब्रुवारी
शिकलो. सोपं आहे. एक बॅनर उलटा आला, त्यात आमदार डोक्यावर उभे होते, पण रंग सुंदर होते.
मालक म्हणाले, एका वेळी एकच माणूस रजेवर, हे लक्षात आहे ना? म्हटलं, मालक, मी आहे, तुम्ही काळजीच करू नका. मशीनवाला १६ ते २८ जाणार. संध्याकाळी म्हणाला, तू बडबड्या आहेस, पण या वेळी पटलं बाबा.
शेवटी एकाला तरी पटलं.

१७ फेब्रुवारी
घरून फोन. तारीख बदलली.
पुढे नाही. अलीकडे. २२ फेब्रुवारी. येत्या रविवारी.
झालं असं की जावई शाळामास्तर. निवडणूक लागली की मास्तरांना ड्यूटी, मग महिना महिना पत्ता नाही. ताईने माझं म्हणणं तिकडे सांगितलं, आणि त्यांनी ठरवलं की त्याच्या आतच उरकून टाकू. आई खूश. म्हणाली, तुझी रजा बंद व्हायच्याही आतच होतंय, आता तर तुला अडचणच नाही.
म्हटलं, नाही, अडचण कसली.

१८ फेब्रुवारी
मालकांकडे गेलो. मालक म्हणाले, तूच म्हणालास ना, मी आहे. मशीनवाल्याला फोन केला, उद्या परत ये. तो म्हणाला, पोरगी आज पहिल्यांदा माझ्या मांडीवर येऊन बसली. मी फोन ठेवला.
संध्याकाळची गाडी गेली. उद्याची धरली तर शनिवारी पोचेन.

१९ फेब्रुवारी
मालकांना पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की विषय संपतो.
आजही गाडी गेली. सरकारचा संताप येतोय. एकदा काय ते जाहीर करायला काय होतं यांना? माणसं अडकून पडलीत.

२२ फेब्रुवारी, रविवार
कारखान्यात मी आणि मशीन. छापायला काम काय, तर 'गाड्या उभ्या करू नयेत'. तीन नग.
मामाने व्हिडिओ कॉल लावला. मामाला फोन धरता येत नाही. अर्धा तास मांडवाचं छत आणि मामाची हनुवटी. मध्येच ताई ओरडली, अरे इकडे धरा, त्याला दिसू दे. तेवढ्यात फोन बंद पडला.
रिंगा ठोकल्या. गरज नव्हती.

२५ फेब्रुवारी
चहावाल्याच्या टीव्हीवर सरकारने जाहीर केलं. मुदत पूर्ण करणार. निवडणूक पुढच्या वर्षीच. चहावाल्याने माझ्यापुढे चहा ठेवला आणि पैसे नको म्हणाला. एवढा अपमान कुणी केला नव्हता.
म्हणजे लोक बेसावध राहावेत म्हणून असं म्हणत असतील. असू शकतं.

८ मार्च, रविवार. घरी.
रजा मंजूरच होती, म्हणून आलो. धंदा मंदा आहे, मालक म्हणाले, हवं तर पंधरा दिवस राहा.
ताई सासरी. आईने फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत आई, ताई, जावई आणि माझ्या जागी एक उंच गृहस्थ. कोण हे? आई म्हणाली, जावयांचे हेडमास्तर. भाऊ नाही म्हणून हिचं काही अडू नये, म्हणून बिचारे दिवसभर पाठीशी उभे राहिले. फार भला माणूस. ते आधीपासून सांगत होते, निवडणूक वेळेवरच होईल, घाई करू नका.
मग घाई का केली, मी विचारलं.
आई फोटो पुसत म्हणाली, ताई ऐकेना. त्यांच्या तोंडावर म्हणाली, माझा भाऊ बॅनरच्या कारखान्यात आहे, त्याला आतलं कळतं.